शिवधनुष्य नको, पेलेल ते धनुष्य हवे

तिरंदाजी शिकायला निघालेल्यांनी पहिले धनुष्य कसे निवडावे आणि खांदा कसा जपावा

झेपणार नाही असे काम अंगावर घेण्याला मराठीत ‘शिवधनुष्य उचलणे’ म्हणतात. सीतास्वयंवराच्या आख्यानात रावण भर सभेत ते धनुष्य उचलायला जातो आणि ते त्याच्याच छातीवर पडते, हा प्रसंग कीर्तनात हमखास हशा मिळवतो. तिरंदाजीच्या मैदानावर मात्र तोच प्रकार घडतो तेव्हा कुणी हसत नाही. नवा खेळाडू हौसेने जड धनुष्य घेतो, पहिले काही आठवडे दात-ओठ खाऊन दोरी ओढतो आणि मग खांदा दुखतो म्हणून खेळच सोडून देतो. धनुष्य कोपऱ्यात धूळ खात पडते आणि खांद्याचे दुखणे मागे राहते.

महाराष्ट्रात सध्या या खेळाची ओढ वाढावी अशी कारणे आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. नागपूरच्या ओजस देवतळेने त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवून पुरुषांचे विजेतेपद पटकावले. त्याआधी सातारा जिल्ह्यातल्याच फलटण तालुक्यातील प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला होता. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही होणार आहे. अशा वेळी मुलाला किंवा मुलीला तिरंदाजीला घालावे, किंवा आपणच सुट्टीच्या दिवशी शिकून पाहावे, असे वाटणे साहजिक आहे. फक्त दुकानाची पायरी चढण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पहिले धनुष्य आपल्या हौसेच्या मापाचे घ्यायचे नसते, आपल्या पाठीच्या ताकदीच्या मापाचे घ्यायचे असते.

रोजचे नऊ क्विंटल

धनुष्य ही मुळात ऊर्जा साठवणारी वस्तू आहे. दोरी मागे ओढताना स्नायूंनी केलेले काम धनुष्याच्या वरच्या आणि खालच्या पात्याच्या वाकण्यात साठते. दोरी सुटली की त्यातला मोठा भाग बाणाला मिळतो. दोरी पूर्ण ओढलेल्या स्थितीत धरून ठेवायला जेवढा जोर लागतो, त्याला मैदानावर ‘पाउंडेज’ म्हणतात. एक पाउंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. म्हणजे २० पाउंडांचे धनुष्य ओढायला साधारण ९ किलोचा जोर लागतो.

नऊ किलो म्हणजे काही फार नाही, असे वाटेल. पाण्याची भरलेली बादली याहून जड असते आणि ती घराघरांत रोज उचलली जाते. पण बादली उचलताना हात खाली सोडलेला असतो आणि मूठ पूर्ण आवळलेली असते. धनुष्य ओढताना एक हात खांद्याच्या उंचीवर समोर ताठ असतो, दुसऱ्या हाताचा कोपर हवेत असतो, दोरी फक्त तीन बोटांवर असते आणि त्याच अवस्थेत काही सेकंद न हलता नेम धरायचा असतो.

शिवाय हे एकदाच करायचे नसते. सरावात १०० बाण मारणे ही काही मोठी गोष्ट नाही. २० पाउंडांच्या धनुष्याने १०० बाण मारले, तर त्या दिवसाच्या एकूण ओढीची बेरीज सुमारे ९०० किलो, म्हणजे नऊ क्विंटल होते. हेच धनुष्य ४० पाउंडांचे असेल तर अठरा क्विंटल. ऑलिम्पिक पातळीचे खेळाडू चाळिशीच्या आणि त्याहून वरच्या पाउंडेजचे धनुष्य वापरतात, पण ती ताकद त्यांनी अनेक वर्षांत थोडी थोडी कमावलेली असते. त्यांच्या हातातले धनुष्य पाहून पहिले धनुष्य घेणे म्हणजे पहिलवानाचा खुराक पहिल्याच दिवशी पचवायला जाण्यासारखे आहे.

जड धनुष्याने नेमही बिघडतो. ऑलिम्पिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असते. लक्ष्याचा व्यास १२२ सेंटिमीटर आणि त्यातले दहा गुणांचे मधले वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे, म्हणजे साधारण एखाद्या सीडीएवढे. ७० मीटरवर एका अंशाच्या दहाव्या भागाइतका कोन चुकला, तर बाण सुमारे १२ सेंटिमीटर सरकतो. अगदी मध्यावर लागणारा बाण तेवढ्याने दहाच्या वर्तुळाबाहेर जातो. ज्या धनुष्याने हात थरथरतो, ते कितीही महाग असले तरी त्याने नेम लागणार नाही.

दोरी ओढते कोण?

नवा माणूस दोरी हाताने ओढतो. दंडाचा पुढचा स्नायू आणि मनगट घट्ट आवळून तो कोपर मागे नेतो. तयार तिरंदाजाचा हात मात्र दोरीला लावलेल्या आकड्यासारखा असतो. ओढण्याचे खरे काम पाठीचा वरचा भाग करतो. दोन खवाटे, म्हणजे खांद्याची मागची चपटी हाडे, एकमेकांजवळ आणणारे स्नायू मोठे आणि चिवट असतात. ताण त्यांच्यावर गेला की हात शांत राहतो.

खांद्याचा सांधा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा आहे. हात जवळजवळ सगळ्या दिशांना फिरतो तो त्यामुळेच. पण त्या मोकळेपणाची किंमत म्हणजे कमी स्थैर्य. दंडाच्या हाडाचा मोठा गोल माथा एका उथळ खोबणीत टेकलेला असतो आणि त्याला जागेवर धरून ठेवण्यात चार लहान स्नायूंच्या वेढ्याचा, म्हणजे ‘रोटेटर कफ’चा, मोठा वाटा असतो. धनुष्य झेपत नसेल तर माणूस नकळत खांदा कानाकडे उचलतो आणि पाठ मागे झुकवतो. खांदा असा वर गेला की वरचे हाड आणि दंडाचा माथा यांच्यातली जागा कमी होते आणि तिथून जाणारा स्नायुबंध दाबला जातो. एकदा झाले तर काही बिघडत नाही. दिवसाला शंभर वेळा, आठवड्याचे पाच दिवस झाले, तर त्याला सूज येते. तिरंदाजांच्या दुखापतींत खांद्याचा, त्यातही दोरी ओढणाऱ्या खांद्याचा, क्रमांक वरचा असतो तो यामुळेच.

मुलांच्या बाबतीत जास्त सावध राहावे लागते. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीचा मऊ थर असतो आणि तो आसपासच्या हाडापेक्षा कमकुवत असतो. ‘जड घेतले की मूल लवकर तयार होईल’ हा हिशेब इथे उलटा पडतो. चुकीच्या पद्धतीने ओढण्याची सवय लागते आणि लागलेली सवय मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

पायापासून बोटापर्यंत

योग्य धनुष्य म्हणजे काय, हे बाण मारण्याची पद्धत कळली की आपोआप उमगते. उजव्या हाताने दोरी ओढणारा माणूस डावा खांदा लक्ष्याकडे करून उभा राहतो. दोन पायांत खांद्याइतके अंतर, दोन्ही पायांवर सारखा भार, गुडघे मोकळे, कंबर सरळ. पोट पुढे आणि पाठ मागे असा बाक आला की समजावे, धनुष्य जड होत आहे.

धनुष्य मुठीत आवळायचे नसते. अंगठ्याच्या बुडाशी तळहाताचा जो मांसल भाग आहे, त्यावर ते टेकवायचे आणि बोटे सैल सोडायची. आवळलेली मूठ दोरी सुटण्याच्या क्षणी धनुष्य डावी-उजवीकडे पिळते. बाण सुटताना धनुष्य हातातून पडू नये म्हणून बोटांना किंवा मनगटाला एक लहान पट्टा बांधतात. पुढच्या हाताचा कोपर किंचित बाहेरच्या बाजूला फिरवला की दोरी हातावर आपटत नाही. तरीही सुरुवातीला ती आपटतेच, म्हणून हातावर आर्मगार्ड आणि बोटांवर चामड्याचा फिंगर टॅब हवाच.

दोरीवर तर्जनी बाणाच्या वर आणि पुढची दोन बोटे बाणाच्या खाली येतात. करंगळी आणि अंगठा दोरीला लावायचेच नाहीत. इथे एकलव्याची आठवण होते. आशियातील अनेक परंपरांत दोरी अंगठ्याने ओढत असत. मुघल काळातील तिरंदाजांच्या अंगठ्यात घालायच्या कड्या आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्या पद्धतीत अंगठा गेला की धनुर्विद्याच गेली. गुरुदक्षिणेत अंगठाच का मागितला गेला, हे त्यावरून नीट समजते. आजच्या ऑलिम्पिक पद्धतीत मात्र अंगठा तळहातात दुमडून स्वस्थ बसतो.

हात वर उचलताना पुढचा खांदा खालीच ठेवायचा. मग दोरी एका रेषेत मागे आणायची, ती हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला स्पर्श करेपर्यंत. तर्जनी जबड्याच्या खाली टेकते. या जागेला ‘अँकर’ म्हणतात. बंदुकीला पुढे आणि मागे अशी नेम धरण्याची दोन टोके असतात. रिकर्व्ह धनुष्याला मागचे टोक नसते, ते काम चेहऱ्यावरची ही जागा करते. ती प्रत्येक वेळी तीच असायला हवी, अर्धा सेंटिमीटर वरखाली झाली तरी बाण भलतीकडे जातो.

अँकर झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. नेम धरत असताना खवाटी हळूहळू जवळ येत राहायला हवीत आणि मग बोटे फक्त सैल सोडायची. दोरी सोडायची नसते, ती निसटू द्यायची असते. हात मानेच्या बाजूने मागे सरकतो आणि बाण लागेपर्यंत तिरंदाज त्याच स्थितीत उभा राहतो. ऑलिम्पिकच्या वैयक्तिक लढतीत एका बाणासाठी २० सेकंद मिळतात. एवढी सगळी साखळी शांतपणे पार पडायची, तर शरीराकडे थोडी ताकद शिल्लक हवी. सगळी शक्ती दोरी ओढण्यातच संपली, तर नेमाला काही उरत नाही.

म्हणूनच नव्या खेळाडूला पहिले काही दिवस ७० मीटर तर सोडाच, २० मीटरवरही उभे करत नाहीत. चार-पाच मीटरवर गवताचा किंवा फोमचा ठोकळा ठेवतात, त्यावर लक्ष्याचा कागदही लावत नाहीत. गुण दिसत नाहीत, त्यामुळे लक्ष शरीराकडे राहते.

आधी डोळा, मग हात

धनुष्य उजव्या हाताचे घ्यायचे की डाव्या, हे लिहिण्याच्या हातावरून ठरवण्याची घाई करू नये. जसा एक हात प्रबळ असतो, तसा बहुतेकांचा एक डोळाही प्रबळ असतो. साधारण दोनतृतीयांश लोकांचा उजवा डोळा प्रबळ असतो, पण उजव्या हाताने लिहिणाऱ्या कित्येकांचा डावाही असतो.

तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही हात समोर ताठ करून तळव्यांमध्ये एक लहान त्रिकोणी फट ठेवावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरची एखादी वस्तू पाहावी, घड्याळ किंवा दाराची कडी. मग एकेक डोळा मिटून पाहावा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते, तो प्रबळ डोळा. डोळा आणि हात एकाच बाजूचे असतील तर प्रश्नच नाही. वेगवेगळे असतील, तर लहान मुलांना सहसा डोळ्याच्या बाजूचे धनुष्य देतात, कारण हाताला नवी सवय लावणे सोपे जाते. मोठ्यांनी प्रशिक्षकाच्या नजरेखाली दोन्ही बाजूंनी थोडे मारून मग ठरवावे.

बांबू, रिकर्व्ह की कंपाउंड?

देशांतर्गत स्पर्धांत तीन प्रकारची धनुष्ये दिसतात. पहिले बांबूचे किंवा लाकडाचे, ज्याच्या स्पर्धेला ‘इंडियन राउंड’ म्हणतात. ते तुलनेने स्वस्त असते, त्यावर फारशी उपकरणे नसतात आणि शरीराची चूक ते लपवत नाही. ग्रामीण भागातील अनेक मुलांची सुरुवात याच धनुष्याने होते. मात्र त्याचे पाउंडेज आणि लांबी नंतर बदलता येत नाही.

दुसरे रिकर्व्ह. याच्या पात्यांची टोके पुढच्या बाजूला वळलेली असतात. ऑलिम्पिकमध्ये आजवर गाजलेले धनुष्य हेच. शिकण्यासाठी यातले सुटे होणारे धनुष्य सर्वांत सोयीचे. मधला दांडा, म्हणजे रायझर, तोच राहतो आणि वरखालची पाती बदलता येतात. ताकद वाढली की फक्त दोन पाउंड जास्तीची पाती लावायची. अनेक प्रशिक्षण केंद्रे सुरुवातीच्या काळात लाकडी रायझर आणि हलकी पाती असलेली धनुष्ये मुलांना वापरायला देतात. ती सोय मिळत असेल तर पहिले काही महिने स्वतःचे काहीच विकत घेऊ नये.

तिसरे कंपाउंड. त्याच्या टोकांना अंडाकृती चाके, म्हणजे कॅम, आणि तारांसारख्या दोऱ्या असतात. अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. दोरी ओढताना मध्यावर पूर्ण जोर लागतो, पण शेवटी चाके फिरून बराचसा भार स्वतःवर घेतात. ४० पाउंडांचे धनुष्य शेवटी १०-१२ पाउंडांच्या जोरावर धरून ठेवता येते. त्यामुळे नेम निवांत धरता येतो. दोरी बोटांऐवजी रिलीज नावाच्या लहान यंत्राने सोडतात आणि नेमासाठी भिंगही असते.

‘मग कंपाउंडच सोपे!’ असे वाटेल. पण त्या शेवटच्या आरामापर्यंत पोहोचायला आधीचा पूर्ण भार पार करावाच लागतो, आणि खांद्याला इजा होते ती त्याच टप्प्यात. दुसरे म्हणजे कंपाउंड ठरावीक मापापर्यंतच ओढले जाते. मूल वर्षभरात चार-पाच सेंटिमीटर उंच झाले की माप पुन्हा जुळवावे लागते, म्हणून लहानांसाठी घ्यायचेच असेल तर मोठ्या फरकाने जुळवता येणारे घ्यावे. स्पर्धेच्या दर्जाच्या कंपाउंडचा पूर्ण संच लाखाच्या पुढे जातो, हाही विचार आहेच.

माप कसे घ्यावे

धनुष्य माणसाला किती जुळवून घेता येते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे जम्मू-काश्मीरमधील किश्तवाडची शीतल देवी. जन्मापासून दोन्ही हात नसलेली ही मुलगी पायाने धनुष्य धरते, खांद्याने दोरी ओढते आणि जबड्याच्या मदतीने सोडते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये तिने राकेश कुमारसोबत मिश्र सांघिक कांस्यपदक मिळवले. शरीर धनुष्याच्या मापात कोंबायचे नसते, हे यातून घ्यायचे.

पहिले माप ड्रॉ लेंथचे, म्हणजे आपण दोरी किती मागे आणतो त्याचे. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. हे अंतर १६५ सेंटिमीटर असेल, तर उत्तर ६६ सेंटिमीटर, म्हणजे २६ इंच येते. हा अंदाज आहे. नेमके माप हलक्या धनुष्यावर खुणा केलेला बाण लावून प्रशिक्षक घेतात.

दुसरे माप धनुष्याच्या लांबीचे, आणि ते ड्रॉ लेंथवरून ठरते. रिकर्व्हमध्ये ड्रॉ लेंथ २४ इंचांच्या आत असेल तर ६२ किंवा ६४ इंचांचे, २५-२६ इंचांना ६६ इंचांचे, २७-२८ इंचांना ६८ इंचांचे आणि त्यापुढे ७० इंचांचे धनुष्य साधारणपणे जुळते. उंच माणसाने आखूड धनुष्य घेतले, तर पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन तीव्र होतो, बोटे चिमटली जातात आणि शेवटच्या इंचाला जोर एकदम वाढतो.

तिसरे माप पाउंडेजचे. पात्यावर छापलेल्या आकड्यात एक गोम आहे. रिकर्व्हवर लिहिलेले पाउंडेज सहसा २८ इंच ओढल्यावरचे असते. प्रत्यक्षात एका इंचामागे दीड ते दोन पाउंडांचा फरक पडतो. त्यामुळे २४ पाउंड लिहिलेले धनुष्य २५ इंच ओढणाऱ्या मुलीच्या हातात १८-१९ पाउंडांचे असते आणि ३० इंच ओढणाऱ्या उंच माणसाच्या हातात २७-२८ पाउंडांचे. दुकानात वाचायचा आकडा एक आणि खांद्याला कळणारा आकडा दुसरा, हे विसरू नये.

सुरुवातीसाठी साधारण अंदाज असा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना १० ते १६ पाउंड, त्यापुढच्या किशोरवयीन मुलांना १४ ते २० पाउंड, प्रौढ महिलांना १६ ते २२ आणि प्रौढ पुरुषांना २० ते २६ पाउंड. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांना हे आकडे अपमानास्पद वाटू शकतात. पण छातीने मोठे वजन ढकलता येणे आणि पाठीने दोरी स्थिर धरता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

आकड्यांपेक्षा शरीराची चाचणी जास्त खरी. लक्ष्याकडे तोंड असलेल्या ठोकळ्यासमोर, बाण लावून, प्रशिक्षकासमोर उभे राहावे. धनुष्य आकाशाकडे न उचलता, खांदा वर न नेता आणि पाठ मागे न झुकवता दोरी सरळ रेषेत ओढता यायला हवी. मग अँकरवर दहा सेकंद धरून ठेवावे. हात थरथरला, श्वास अडकला किंवा दोरी पुढे सरकू लागली, तर ते धनुष्य जड आहे. तसे झाले तर बाण न सोडता दोरी हळूहळू पुढे आणावी. याच चाचणीत पुढे सहजता आली आणि सराव संपेपर्यंत ती टिकली, की दोन पाउंड वाढवावेत. एकदम सहा-आठ पाउंडांची उडी नको.

बाण आणि शिस्त

बाणाकडे दुर्लक्ष होते, पण इजेचा धोका तिथेही आहे. नवशिक्याचा बाण त्याच्या ड्रॉ लेंथपेक्षा एक-दोन इंच लांब असावा. आखूड बाण जास्त ओढला गेला तर टेकूवरून मागे घसरतो आणि दोरी सुटल्यावर धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. मूल उंच होत असेल तर हे माप दर काही महिन्यांनी तपासावे. बाणाचा कडकपणाही धनुष्याला जुळायला हवा, कारण सुटताना बाण सरळ जात नाही, तो माशासारखा किंचित वळवळत धनुष्याच्या कडेने निघतो. फार कडक किंवा फार मऊ बाण त्यामुळे सतत एका बाजूला जातात. कार्बनचे बाण वापरण्याआधी हलके वाकवून, चीर गेली नाही ना, हे पाहावे. चिरलेला बाण सुटताना फुटू शकतो.

बाण न लावता दोरी ओढून सोडणे, हा नवख्यांचा आवडता खेळ. तो कधीच करू नये. बाणाकडे जायची ऊर्जा मग धनुष्यातच राहते आणि पाती तडकू शकतात. बाकीचे नियम मैदानावर पहिल्याच दिवशी शिकवतात. सगळे रेषेवर आल्यावर आणि शिट्टी झाल्यावरच बाण लावायचा, कुणी पुढे असताना धनुष्य उचलायचे नाही, लक्ष्याकडे पळत जायचे नाही, बाण उपसताना मागे कुणी उभे नाही हे पाहायचे. लांब केस बांधलेले हवेत. ओढणी, साखळी, मंगळसूत्र दोरीच्या वाटेत येऊ देऊ नये.

दुखणे कोणते आणि थकवा कोणता

सरावाआधी दहा मिनिटे खांदे, मान आणि पाठ मोकळी करणे आवश्यक आहे. रबरी पट्टा दोन्ही हातांत धरून खवाटी जवळ आणण्याचा व्यायाम घरीही करता येतो आणि तिरंदाजीला लागणारी ताकद त्यानेच येते. एकाच बाजूने ओढण्याचा हा खेळ असल्याने पट्ट्याचा व्यायाम दोन्ही बाजूंनी सारखा करावा.

सरावानंतर दोन खवाट्यांच्या मधोमध जो जडपणा येतो, तो मेहनतीचा असतो आणि एक-दोन दिवसांत जातो. खांद्याच्या पुढच्या किंवा वरच्या भागात टोचल्यासारखे दुखणे, हात डोक्यावर नेताना कळ येणे, त्या कुशीवर झोपता न येणे, बोटांना सतत मुंग्या येणे, ही लक्षणे वेगळी आहेत. अशा वेळी सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे. मलम चोळून आणि वेदनाशामक गोळी घेऊन बाण मारत राहिल्यास साधी सूज जुनाट होते.

खांदा पूर्वी निखळलेला असेल, मानेचा त्रास असेल किंवा खांदा आखडलेला असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेह असणाऱ्यांत खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते, म्हणून त्यांनी विशेष लक्ष द्यावे. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी श्वास कोंडून जोर लावणे टाळावे. त्याने रक्तदाब तेवढ्यापुरता वाढतो आणि धनुष्य जड असेल तर श्वास हमखास कोंडला जातो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातील औषधांवर तिरंदाजीच्या स्पर्धांत बंदी आहे, कारण त्यांनी हाताचा कंप कमी होतो. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आपली औषधे डॉक्टरांना आणि संघटनेला आधी सांगावीत. ती स्वतःहून बंद मात्र करू नयेत.

थोडक्यात क्रम असा. आधी केंद्र आणि प्रशिक्षक शोधावा. तिथल्या हलक्या धनुष्यावर काही महिने शिकावे. डोळा तपासावा, हातांचे माप घ्यावे, दहा सेकंदांची चाचणी द्यावी आणि मगच खरेदीला जावे. जाताना प्रशिक्षकांनी लिहून दिलेली ड्रॉ लेंथ, धनुष्याची लांबी, पाउंडेज आणि बाणाची लांबी अशी चिठ्ठी खिशात असावी. दुकानात ‘अजून थोडे जड घ्या, पुढे कामाला येईल’ असे कुणी सुचवले, तर नम्रपणे नकार द्यावा. पुढे लागतील तेव्हा जड पाती विकत मिळतात.